आरोग्यचिंतन : दवाखान्यांतला आंकडा आणि घरांतला आंकडा

भिवंडीच्या ब्राह्मण आळींतून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, “आमच्या मामंजींचें वय ६८. प्रकृति काटक, आहार मोजका. परंतु दवाखान्यांत जाण्याचा दिवस जवळ आला कीं आदल्या रात्रीपासून त्यांना झोंप नसते. दंडाला पट्टा बांधतांच छातींत धडधड सुरू होते, तळहातांना घाम सुटतो आणि आंकडा १७० च्या पुढें जातो. त्यांचे धाकटे बंधु रक्तदाबानें पक्षाघात होऊन गेले. गेल्या दिवाळीपासून मामंजींनीं दवाखान्याचें नांवच टाकलें आहे. ‘पाहिला कीं वाढतो, मग पाहावयाचा कशाला?’ असें म्हणतात. त्यांना काय सांगावें?”

प्रथम घरच्या मंडळींस विनंति अशी कीं, या भीतीला कोणीं हंसूं नये. पट्टा आंवळला जातो तेव्हां मामंजींच्या डोळ्यांपुढें त्यांचा भाऊ उभा राहात असेल. त्यांचें म्हणणेंहि अगदींच खोटें नाहीं. पाहिला म्हणजे रक्तदाब खरोखरीच वाढतो.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचें यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं केलें व १९०५ सालीं रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनीं नाडीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ओळखण्याची रीत दाखविली. त्याच इटलींत मान्चिया यांनीं १९८३ सालीं असें दाखविलें कीं, डॉक्टर जवळ येऊन माप घेऊं लागले कीं पहिल्या कांहीं मिनिटांतच वरचा आंकडा सरासरीनें सुमारें २७ नें चढतो व पुढें हळूहळू उतरूं लागतो. परिचारिकेनें माप घेतल्यास ही वाढ बरीच कमी असते. संकट आलें असें मनानें घेतलें कीं शरीर सज्ज होतें, हृदय जोरानें चालतें, रक्तवाहिन्या आंवळतात; मग संकट वाघाचें असो वा पट्ट्याचें.

त्यांत भर आपणच घालतों. मागांची खडखड व रस्त्यावरची गर्दी यांतून वाट काढीत, जिना चढून धापा टाकीत जावें आणि लगेच हात पुढें करावा, हें बरोबर नव्हे. माप घेण्यापूर्वीं अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य करावी. लघवीस जाऊन यावें. पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून स्वस्थ बसावें. हात हृदयाच्या पातळींत टेकलेला असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा व त्या वेळीं बोलूं नये. एक-दोन मिनिटांच्या अंतरानें दुसरें माप घेण्याची विनंति डॉक्टरांस अवश्य करावी, आणि “मला भीति वाटते, माझा भाऊ यानेंच गेला,” हेंहि त्यांस मोकळेपणीं सांगावें.

घरीं दंडाला बांधावयाचें यंत्र आणावें. सात दिवस सकाळीं व सायंकाळीं दोन-दोन मापें घेऊन वहींत लिहावींत. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या खालीं असेल तर मन पुष्कळ हलकें होईल. तेवढी किंवा अधिक असेल तर दवाखान्यांतला आंकडा केवळ भीतीचा नव्हता, हें समजावें. मात्र तासातासाला यंत्र लावणें व सूनबाईंनीं “आतां किती?” म्हणून विचारणें, दोन्ही टाळावें. शंका राहिल्यास चोवीस तास दाब नोंदणारें यंत्र लावण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. दवाखान्यापुरताच वाढणारा दाब अगदीं निरुपद्रवी समजूं नये. अशांपैकीं कित्येकांना पुढें कायमचा विकार जडतो. उलट, दवाखान्यांत ठीक व घरीं वाढलेला, असेंहि घडतें. म्हणून वही डॉक्टरांस दाखवावी आणि चालू असलेलें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. तोंड वांकडें होणें, हातापायांतील शक्ति एकाएकीं जाणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास आंकडा पाहात न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

एके काळीं या विकारावर वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा आपला अनुभव १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां जगाचें तिकडे लक्ष वेधलें. आज सर्पगंधेहून सुरक्षित औषधें सहज मिळतात. पण तीं मिळण्यासाठीं आधीं दाब कळला पाहिजे.

तेव्हां भगिनी, मामंजींना एवढेंच सांगा : पाहिल्यानें वाढतो तो घटकाभर, न पाहतां वाढतो तो कळतहि नाहीं. भावाला जी संधि मिळाली नाहीं, ती त्यांनीं दवडूं नये. पहिल्या खेपेस कोणीतरी त्यांच्याबरोबर जा, अर्धा तास आधीं पोंचा, आणि वही न्यावयास विसरूं नका.