पानं गळाली म्हणून फेकू नका

परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तरी माझ्या खिडकीतलं डेंड्रोबियम नोबिली हे ऑर्किड तग धरून आहे. सिक्कीमचं हे राज्यफूल. 'घरात केवढं वाढतं हो?' शेजारणी विचारतात. कांड्या फूट-दीड फूट, फार तर दोन. पण उंची काय मोजायची? दरवर्षी बुडातून फुटणारे नवे कोंब मोजा! हिवाळ्यात जुन्या कांड्यांची पानं झडतात. तेव्हा पाणी अगदी कमी करायचं. थंड रात्री मिळाल्या की त्याच उघड्या कांड्यांवर फुलं येतात. वाळलं समजून लोक असं जितं झाड उकिरड्यावर टाकतात, याचा मला संताप येतो. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलमही असंच निष्पर्ण अवस्थेत फुलतं. ते मात्र जंगलातच राहू द्या. घरासाठी रोपवाटिकेतलंच रोप घ्या.