घरच्यांनी हो म्हटलं, गायकाचं काय?

सिद्धू मूसेवालाला २९ मे २०२२ रोजी पंजाबच्या मानसा जिल्ह्यात गोळ्या घालून मारलं. महिनाही झाला नव्हता, तर २३ जूनला त्याचं 'एसवायएल' आलं, सतलज-यमुना कालव्याच्या पाण्यावरचं. काही दिवसांतच सरकारच्या तक्रारीवरून यूट्यूबने ते भारतात बंद केलं. मग 'वार', 'मेरा ना', 'चोरनी'... गाणी येतच राहिली. आपल्याकडच्या वरातीतही तो वाजतो, त्यामुळे हा विषय पंजाबवाल्यांवर सोडून देता येत नाही.

कलाकार गेल्यावर त्याचं काहीच बाहेर काढू नये, असं माझं म्हणणं नाही. 'एसवायएल' त्यानेच लिहिलं, त्यानेच गायलं. पण घरच्यांनी परवानगी दिली की विषय संपला, असं जे धरून चालतात ना, ते मला पटत नाही.

मूसेवालाच्या आईवडिलांनी फार खंबीर भूमिका घेतली. सलीम मर्चंट यांनी त्याच्या आवाजातलं 'जांदी वार' सप्टेंबर २०२२ मध्ये आणायचं जाहीर केलं, तेव्हा ते मानसाच्या कोर्टात गेले आणि स्थगिती मिळवली. त्यांच्या जागी कुठल्याही आईबापाने हेच केलं असतं. पण त्यातून ठरलं काय, तर निर्णय कोणी घ्यायचा एवढंच. ज्याचा आवाज आहे त्याला काय हवं होतं, हे राहिलंच.

स्टुडिओत बसलेल्या कोणालाही विचारा. गायक आधी कच्चं गाऊन ठेवतो, चाल लक्षात राहावी म्हणून. मग टेकवर टेक. एखादी ओळ दहा वेळा गाऊन नऊ वेळा 'हे नको' म्हणतो. कुठे सूर किंचित खाली, कुठे शब्द चावला गेला, कुठे नुसतंच मनासारखं झालं नाही. हे 'नको' म्हणणं हीसुद्धा त्याची कलाच आहे, निम्मी तरी. तो गेल्यावर हार्ड डिस्कवर दहाही टेक सापडतात, आणि कुठला 'नको' होता हे सांगायला कोणी नसतं. मग दोन ओळींना चार ओळींचा कोरस जोडतात, पाहुणा रॅपर आणतात, आणि वर मोठ्या अक्षरात नाव मात्र त्याचं!

कायदाही इथे फारसा कामाचा नाही. गीतकार-संगीतकाराचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्याचे पैसे वारसांना मिळतात. पण २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा त्याचा हक्क त्याच्याबरोबरच संपला. म्हणजे कमाई मागे उरते, 'नको' उरत नाही.

आता तर कच्चा टेकही लागत नाही. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज एआयने तयार केले. घरच्यांची परवानगी घेतली, मानधनही दिलं, असं त्यांनी जाहीर सांगितलं. उलट एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या आवाजाची अशीच नक्कल विनापरवानगी केली म्हणून त्यांच्या मुलाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली. रहमान सभ्यपणे वागले, मान्य. पण शाहुल हमीद १९९७ मध्ये गेले. असं काही होऊ शकतं हेच ज्याला ठाऊक नव्हतं, त्याच्या वतीने मुलंबाळं तरी हो कशी म्हणणार? जे गाणं तो गायलाच नाही, ते त्याचं नाही. मिमिक्री म्हणा आणि खुशाल वाजवा.

आणि ज्यांचा नकार सगळ्यांना ठाऊक होता, त्यांचं काय? अन्नपूर्णादेवी मुंबईत कित्येक दशकं राहिल्या, १३ ऑक्टोबर २०१८ ला तिथेच गेल्या. जाहीर वादन कधीच सोडलं होतं, शिकवलं मात्र हरिप्रसाद चौरसियांसारख्यांना. त्यांची मोजकी रेकॉर्डिंग्ज फिरत असतात आणि खाली हमखास कोणीतरी लिहितं, 'हा ठेवा जगासमोर यायलाच हवा.' का यायलाच हवा? रसिकाची भूक मला कळते, मलाही आहे. पण भूक लागली म्हणून दुसऱ्याच्या डब्यावर हक्क येत नाही.

मैफिलीचं वेगळं. पुण्या-मुंबईत हौशी मंडळींनी स्पूलवर धरून ठेवलेल्या मैफिली नसत्या तर आपण केवढे गरीब असतो! ते गाणं लोकांसमोर झालेलं आहे. तारीख, ठिकाण, साथीदार लिहून जरूर काढा. बंद खोलीतला रियाज आणि टाकून दिलेला टेक यांना तो न्याय लावू नका, एवढंच.

लताबाईंचं 'ठीक नहीं लगता' पाहा. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड झालेलं, पिक्चर झालाच नाही, टेप हरवली, सापडली. विशाल भारद्वाज यांनी ते २८ सप्टेंबर २०२१ ला आणलं, बाईंच्या वाढदिवशी, त्या हयात असताना. नको वाटलं असतं तर त्या तसं सांगू शकल्या असत्या.

आपल्या भागातले शाहीर, भजनीबुवा, ऑर्केस्ट्रातल्या गायिका यांचे कितीतरी ट्रॅक छोट्या स्टुडिओंत आणि कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये पडून आहेत. रेकॉर्डिंगच्या कागदावर पैशाची रक्कम असते, तारीख असते. त्याखाली एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: माझ्यामागे अपुरं गाणं बाहेर काढायचं की पुसायचं, आणि माझा आवाज यंत्राला द्यायचा की नाही. कोणत्या स्टुडिओत असं लिहून घेत असतील तर इथे कळवा, त्यांचा नमुना सगळ्यांना पाठवू.