गिरणगावची जमीन आणि कोकणचा कामगार

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकी हक्काने व विनामूल्य. मुंबईच्या चाळींशी रत्नागिरी जिल्ह्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असल्याने या वार्तेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. चाळ पाडली म्हणून उसासे टाकणाऱ्या इतिहासप्रेमींनी सामायिक संडासापुढच्या रांगेत एक पावसाळा काढून पाहावा.

परंतु हे का साधले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या चाळी १९२० नंतरच्या वर्षांत तत्कालीन मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. जमीन सार्वजनिक होती. म्हणूनच रहिवाशांना जागच्या जागी घर देऊन, उरलेल्या बांधकामाच्या विक्रीतून खर्च भागविण्याची योजना म्हाडाला आखता आली.

आता शेजारच्या गिरण्यांकडे पाहा. सुमारे ६०० एकर जमिनीवर ५८ गिरण्या उभ्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची त्रिभागणी ठरविली: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. मालक पुढे येईनात, असे कारण देऊन २००१ मध्ये नियम बदलण्यात आला. वाटणी केवळ मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीची करावयाची, असे ठरले; ज्या जमिनीवर गिरणीची शेड उभी होती ती वाटणीतून सुटली. गिरणी म्हणजे शेडच! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो मान्य केला. एका शब्दाच्या फेरफाराने शेकडो कोटींची संपत्ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला यात एक जुनाच धडा दिसतो. परळ-लालबागच्या जमिनीचे मोल मालकाच्या उद्यमाने वाढलेले नाही. रेल्वे, रस्ते, पाणी आणि भोवती वसलेली श्रमिक वस्ती यांनी ते वाढविले. त्या वस्तीत गावकीच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि महिन्याला मनिऑर्डर धाडीत. त्या मनिऑर्डरींवर आमच्या जिल्ह्यातील चुली पेटल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकी बहुतेकांचे काम परत आलेच नाही.

त्यांना घरे देण्याचे वचन शासनाने दिले. दीड लाखांहून अधिक अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखविली. घर नाकारणाऱ्याचा हक्क संपेल, असे कलमही त्यात घातले. जुलै २०२५ मध्ये वृद्ध कामगार आझाद मैदानावर बसले ते या अपमानाविरुद्ध. ज्या जमिनीवर मॉल उभे राहिले, तेथून साठ-सत्तर किलोमीटर दूर त्यांचे घर असावे, हा कोणता न्याय?

वरळीच्या यशातही एक काटा आहे. उंच इमारतीची लिफ्ट, पंप व देखभाल यांचा मासिक खर्च निवृत्त कामगाराच्या तुटपुंज्या पेन्शनमधून भागणार नाही. ठेवीचे व्याज आटले की घर विकून विरारला जाणे ओघानेच येते. देखभालनिधी पुरेसा आहे की नाही, हे रहिवाशांनी आताच हिशेब मागून तपासले पाहिजे.

आणि आपल्या कार्यकर्त्यांसाठी कामही आहे. संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या वाड्यांत १ जानेवारी १९८२ ला वा त्यानंतर हजेरीपटावर असलेले कामगार, किंवा त्यांच्या विधवा, अद्याप आहेत. तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, राज्य विमा योजनेचे कार्ड यांपैकी काही माळ्यावरच्या ट्रंकेत पडले असेल. पावसाळ्यापूर्वी ते उतरवून त्याच्या नकला काढाव्यात. वाळवीला सोडत लागत नाही.