विश्लेषण : कलाकार चालती मालिका का सोडतात?

संध्याकाळच्या बदलापूर लोकलने ठाणे ओलांडले की महिला डब्यातील अनेक मोबाइलवर आदल्या रात्रीचा एपिसोड सुरू होतो. एखाद्या दिवशी ओळखीच्या भूमिकेत नवा चेहरा दिसतो. ‘भांडण झाले असेल’, ‘डोक्यात हवा गेली’ असा निकाल उल्हासनगर येईपर्यंत लागलेलाही असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण कामाच्या पद्धतीत दडलेले असते.

कामाचा भार किती?

आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला साधारण २६. एका भागाची २२ मिनिटे धरली तरी महिन्याला साडेनऊ तासांचे चित्रीकरण पडद्यावर जाते. अडीच तासांचे जवळपास चार चित्रपटच म्हणा. त्यासाठी रोज १२ तासांची शिफ्ट असते आणि पटकथा अनेकदा सेटवरच हाती पडते. आजारपण, घरचे कार्य, नाटकाचा दौरा, काहीही असले तरी मालिका थांबत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या कलाकाराचे काय?

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. गोरेगावच्या चित्रनगरीत जायचे तर दादरला गाडी बदला, पुढे बस किंवा रिक्षा. जाता-येता पाच तास सहज जातात. १२ तासांच्या शिफ्टमध्ये हे मिळवले की दिवसाचे सात तास उरतात. झोप, जेवण, पाठांतर, घर सगळे त्यातच. म्हणून काम मिळाले की पहिला खर्च सेटजवळच्या भाड्याच्या खोलीचा येतो. मानधन मात्र साधारण तीन महिन्यांनी हाती पडते आणि कधी तेही अडकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘हे मन बावरे’च्या कलाकारांनी मानधन थकल्याची तक्रार जाहीरपणे मांडली होती.

आणखी कोणती कारणे असतात?

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील शनाया घराघरांत पोहोचलेली असताना २०१८ मध्ये रसिका सुनीलने शिक्षणासाठी अमेरिकेची वाट धरली. तिच्या जागी ईशा केसकर आली, २०२० मध्ये रसिका परतली. ‘आई कुठे काय करते’मधील संजनाची भूमिका दीपाली पानसरेने २०२० मध्ये करोनाच्या काळात सोडली. विशाखा सुभेदार यांनी २०२२ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सोडली, ती विनोदी साच्याबाहेरचे काम करण्यासाठी. पुढच्याच वर्षी ‘शुभविवाह’मध्ये त्या खलनायिका म्हणून दिसल्या.

शिक्षण, आरोग्य आणि साच्यातून सुटका या तिन्ही कारणांत गर्व कुठेच दिसत नाही. चौथे कारण कथेचे. टीआरपी टिकला की कथा ताणली जाते, लीप येतो, ऐकवलेली भूमिका वेगळीच होऊन बसते. वर्षानुवर्षे एकच चेहरा ठसला की पुढचे काम मिळणेही अवघड होते.

मालिकेचे नुकसान होते का?

काही दिवस होते. पण रुपाली भोसलेची संजना प्रेक्षकांनी स्वीकारली आणि ‘आई कुठे काय करते’ नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. एक चेहरा गेला म्हणून मालिका बुडते, ही भीती फुगवलेली आहे. ती दाखवून कलाकाराला अडकवून ठेवणे त्याहून चुकीचे.

मग उपाय काय?

पहिला, करारात मुदत हवी. वर्षभराने दोघांनीही नव्याने विचार करावा. दुसरा, मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे. नोकरदाराला पगार तीन महिन्यांनी मिळाला तर तो तिथे किती दिवस टिकेल? तिसरा, आठवड्याची सुट्टी कागदावर नव्हे, खरोखर मिळावी. आणि कलाकार बदलताना वाहिनीने कारण मोकळेपणाने सांगावे. मौन पाळले की अफवा पिकतात आणि बदनामी कलाकाराच्या वाट्याला येते.

ठरल्याच्या मध्येच, न सांगता काम सोडणारे कलाकारही असतात. त्याचा फटका स्पॉटबॉयपासून लेखकापर्यंत सगळ्यांना बसतो आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण नीट सूचना देऊन बाहेर पडणे ही गद्दारी नव्हे. प्रवास झेपत नाही, पगार वेळेवर होत नाही म्हणून नोकरी बदललेली माणसे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रत्येक इमारतीत सापडतील. त्यांना कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. मग पडद्यावरच्या नोकरदाराला वेगळा न्याय का?