मुक्तीचा करार आणि कर्जाचे खाते

'जुना करार' हे नाव मराठी वाचकाच्या कानाला इतके सरावाचे झाले आहे की त्यातील 'करार' या शब्दाकडे त्याचे लक्षच जात नाही. हा करार कोणी कोणाशी केला, आणि कोणत्या अटींवर? वस्तुतः करार हा देवघरातला शब्द नव्हे. तो कचेरीतला, पेढीवरचा शब्द आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या एका लोकसमूहाने आपल्या देवाशी केलेल्या या करारात ऋण, मजुरी, जमीन आणि विश्रांती यांविषयीची कलमे पूजाविधीच्या कलमांना खेटून बसलेली आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने एरवी धर्मशास्त्र्यांचा मानल्या गेलेल्या या प्रांतात पाऊल टाकण्यास तेवढे निमित्त पुरेसे आहे.

कथेचा आरंभ मोशेपासून करण्याची प्रथा आहे. तो योसेफापासून केला पाहिजे. भावांनी विकलेला हा इब्री तरुण मिसर देशात फारोचा कारभारी होतो, सुकाळाच्या सात वर्षांत धान्याची कोठारे भरतो आणि दुष्काळात ती उघडतो. इतके सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र प्रवचनांतून क्वचितच सांगितला जातो. 'उत्पत्ती' ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायानुसार धान्याच्या मोबदल्यात योसेफाने प्रथम रयतेचा पैसा घेतला, मग गुरेढोरे, मग जमिनी आणि अखेरीस रयत स्वतःच फारोची दास झाली. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राजभाग म्हणून कायम ठरला. पुरोहितांच्या जमिनींना तेवढी सूट मिळाली. धान्याच्या मक्तेदारीतून भूदासत्व कसे निर्माण होते याचे इतके नेमके वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. पुढे योसेफाला न ओळखणारा फारो गादीवर आला आणि योसेफाच्याच वंशजांना पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधण्यासाठी वेठीला धरण्यात आले. हा योगायोग ग्रंथकर्त्यांना दिसला नसेल असे मानणे कठीण आहे.

वेठीचे वर्णनही बारकाईने केलेले आहे. मोशे सुटीची मागणी करतो तेव्हा फारो विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो, मात्र विटांची रोजची संख्या कमी करत नाही. पेंढा मजुरांनी रानोमाळ हिंडून गोळा करायचा आणि संख्या भरली नाही तर मार खायचा मजुरांतूनच नेमलेल्या मुकादमांनी. लोक आळशी झाले आहेत म्हणून त्यांना सुटी हवी आहे, हा फारोचा युक्तिवाद पुढे अनेक कारखानदारांच्या तोंडी ऐकू आलेला आहे.

हे सारे घडले काय? सहा लाख पुरुषांच्या निर्गमनाचा पुरावा मिसरी लेखांत नाही आणि सीनायच्या वाळवंटात उत्खननातही तो मिळालेला नाही. 'इस्राएल' हे नाव प्रथम आढळते ते फारो मेर्नेप्ताह याच्या इ. स. पू. 1208च्या सुमाराच्या शिलालेखात, आणि तेही कनान प्रांतातील लोक म्हणून. एखाद्या लहान गटाची आठवण पुढे सर्व समाजाची झाली असावी, असे अनेक संशोधक मानतात. प्रस्तुत विवेचनापुरता महत्त्वाचा मुद्दा एवढाच की या समाजाने आपले पूर्वज राजे वा देवपुत्र होते असे न सांगता ते गुलाम होते असे सांगितले, आणि आपला कायदा त्या स्मृतीवर उभा केला.

कराराचा साचा मात्र त्यांनी उसना घेतला. 1954 साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन विद्वानाने दाखवून दिले की सीनायच्या कराराची मांडणी हित्ती सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांसारखी आहे. प्रथम सम्राटाचे नाव, मग त्याने केलेल्या उपकारांचा इतिहास, मग अटी आणि शेवटी आशीर्वाद व शाप. दहा आज्ञांचा प्रारंभही अशाच उपकाराच्या उल्लेखाने होतो. मिसरच्या दास्यातून सोडवल्याची आठवण आधी आणि आज्ञा नंतर. फरक आहे तो पक्षकारांत. हित्ती तहात राजा राजाशी बोलतो. येथे काल-परवापर्यंत विटा थापणारे लोक स्वतः पक्षकार आहेत आणि सम्राटाच्या जागी कोणी मर्त्य राजा नाही.

या अटींपैकी आठवड्याच्या विश्रांतीची अट सर्वात टिकाऊ ठरली. 'निर्गम' ग्रंथात तिचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे दिले आहे. 'अनुवाद' ग्रंथात मात्र मिसरमधील दास्याची आठवण हे कारण दिले असून दास, दासी, बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळाला पाहिजे असे बजावले आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाने हिब्रू ग्रंथांचे ज्ञान जवळजवळ लोपले असतानाही ही एक अट जपली. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारपाजारचे त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. निर्गमनाची कथा सांगणारी वल्हांडण सणाची पोथी पुढे मराठी भाषांतरासह छापली गेली, 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात.

परंतु कराराचा खरा कस लागतो तो कर्जाच्या कलमांत. दर सातव्या वर्षी ऋण सोडून द्यावे. कर्जापायी दास झालेल्या इब्री माणसाने सहा वर्षे राबावे आणि सातव्या वर्षी मोकळे व्हावे, तेही रिकाम्या हाताने नव्हे. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परतावी. ऋणमुक्तीची कल्पना नवी नव्हती. बाबिलोनचे राजे राज्यारोहणप्रसंगी ती जाहीर करीत, इ. स. पू. सतराव्या शतकातील अम्मीसदुका राजाचे असे फर्मान उपलब्ध असून त्यात व्यापारी कर्जे शहाणपणाने वगळलेली आहेत. हम्मुरबीच्या संहितेत तर ऋणदास तीनच वर्षांनी सुटतो. मग इस्राएली नियमाचे वेगळेपण कशात? राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट त्यांनी पंचांगात नेऊन बसवली.

येथेच अर्थशास्त्रातील जुनी अडचण उभी राहते. राजा अचानक माफी देतो तेव्हा सावकाराला आधी सावध होता येत नाही. माफीची तारीख ठरलेली असली की ती जवळ येताच कर्ज मिळेनासे होते. 'अनुवाद' ग्रंथाच्या कर्त्याला हे पक्के ठाऊक होते. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजूला नकार देणे हे पाप होय, असे तो स्पष्ट बजावतो. उपदेशाने पतपुरवठा वाढत नाही हा अनुभव मग यायचा तो आलाच. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस हिल्लेल या धर्मपंडिताने 'प्रोझबुल' नावाच्या दस्तऐवजाची तोड काढली. वसुलीचा हक्क न्यायसभेकडे सोपवला की सातव्या वर्षाची माफी त्या कर्जाला लागू होत नसे. गरिबाला कर्ज मिळावे म्हणून गरिबाचे संरक्षण सैल करावे लागले. आपल्याकडे 2008 आणि 2017च्या कर्जमाफीवर झालेला वाद ज्यांना आठवतो, त्यांना यात अपरिचित असे काही वाटू नये.

जमिनीचा नियम मात्र हिशेबाला अधिक पक्का आहे. योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघणार तितक्यांचीच किंमत घ्यावी, असे 'लेवीय' सांगतो. म्हणजे विक्री नव्हे, मुदतीचा पट्टा. मुदत संपत येते तशी किंमत उतरते आणि दोन्ही पक्षांची फसवणूक टळते. तटबंदीच्या नगरातील घराला ही सवलत नाही. ते सोडवून घेण्यास एकच वर्ष मिळते. उपजीविकेचे साधन आणि निव्वळ मालमत्ता यांत केलेला हा भेद आजच्या कायदेकारांनीही पाहण्याजोगा आहे.

करार पाळला गेला का, याचे उत्तर खुद्द ग्रंथच देतो, आणि ते इस्राएलच्या गौरवाचे नाही. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असता राजा सिद्कीयाने इब्री दासांच्या मुक्ततेचा करार केला. मालकांनी दास सोडले. मिसरची फौज येते आहे असे कळून वेढा काही काळ उठताच त्याच मालकांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणले. वेढ्यात शेती बंद आणि दासांना पोसणे भाग; तेव्हाच्या त्या औदार्यात किती धर्म होता आणि किती जमाखर्च, हे सांगण्याची गरज नाही. यिर्मया संदेष्टा या विश्वासघातावर तुटून पडला. इ. स. पू. 586च्या सुमारास नगर पडले.

सुमारे दीडशे वर्षांनी इराणी सम्राटाचा सुभेदार नहेम्या याच्यापुढे शेतकऱ्यांची तीच तक्रार आली: राजाचा कर भरण्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले, मुलेबाळे दास्यात गेली. नहेम्याने सावकारांना भरसभेत उभे करून शेते व व्याज परत करण्याची शपथ घ्यायला लावली. आपण आणि आपल्या भाऊबंदांनीही पैसा व धान्य कर्जाऊ दिले आहे, हे त्याने त्याच सभेत सांगितले, हे विशेष.

या कराराची कुंपणेही लपवण्याचे कारण नाही. सातव्या वर्षाची सुटका केवळ इब्री दासांसाठी होती. परकीय दास वंशपरंपरेने बाळगण्यास 'लेवीय' मुभा देतो. हेच वचन पुढे अमेरिकेतील दक्षिणेच्या मळेवाल्यांनी पुढे केले. उलट 'अनुवाद' ग्रंथात पळून आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नये अशी आज्ञा आहे, जिच्या अगदी विरुद्ध हम्मुरबीच्या संहितेत त्याला आश्रय देणाऱ्यास देहान्त सांगितला आहे. एकाच ग्रंथात दोन्ही सापडतात, आणि कोणते पान उघडायचे हे वाचणाऱ्याच्या स्थानावर ठरत आले आहे.

1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतील निग्रो गुलामांसाठी म्हणून बायबलमधील निवडक भाग छापण्यात आले. जुन्या करारापैकी बहुतेक सारा त्यातून गळला. योसेफाने आपल्या भावांना क्षमा केल्याचा भाग ठेवला आहे; तेथून पुस्तक एकदम सीनायच्या पायथ्याशी, निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायावर येते. धान्याच्या बदल्यात घेतलेल्या जमिनी, पेंढ्याविना विटा आणि समुद्रापार झालेली सुटका ही पाने नाहीत. या पुस्तकाच्या मोजक्या प्रती आज उरल्या आहेत. त्यांपैकी एक अमेरिकेत नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात आहे. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी ते विद्यापीठ 1866 साली सुरू झाले.