दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि वेदनाशमन

भारतात दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी प्रथम केली. पोटावरील वीतभर छेदाच्या जागी तीन-चार लहान छिद्रे आली आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागला. परंतु छेद लहान म्हणून वेदनाही क्षुल्लक, असा समज त्यातून रूढ झाला. तो यथार्थ नाही. पहिले काही तास छिद्रांच्या जागा चांगल्याच ठणकतात आणि रुग्ण दीर्घ श्वास घेण्यास व खोकण्यास कचरतो.

ब्युपिव्हाकेनसारखे बधिरक छिद्रांभोवती टोचले असता मज्जातंतूंत सोडियमचा शिरकाव रोखला जातो व वेदनेचा संदेश तेथेच थांबतो. परिणाम काही तास टिकतो. पोट फुगविण्यासाठी वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो, त्यावर मात्र या टोचणीचा उपयोग होत नाही. तसेच मात्रा वजनानुसार मोजूनच द्यावी लागते. ती अधिक झाल्यास हृदयास धोका संभवतो.

इतकी दक्षता पाळून हा अल्पखर्चाचा उपाय प्रत्येक रुग्णालयाने नित्यक्रमात समाविष्ट करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्णाच्या आप्तांनीही शस्त्रक्रियेपूर्वी त्याविषयी शल्यचिकित्सकास निःसंकोच विचारावे.