डायलिसिस चुकलं की चुकवलं?

‘भीतीपोटी रुग्णांनी डायलिसिस चुकवलं.’ करोनाकाळाविषयी बोलताना हे वाक्य अजून सहज कानावर येतं. आरोग्यावर दर आठवड्याला लिहिणाऱ्या मला त्यातलं ‘चुकवलं’ खटकतं. माणसं शाळा चुकवतात, कर चुकवतात. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास हातात सुया घेऊन पडून राहणारा माणूस जगणं कशाला चुकवेल?

भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना करोना झाला तर जिवाचा धोका इतरांहून जास्त. सगळ्यांना ‘घरीच थांबा’ सांगितलं जात होतं, आणि यांना मात्र शेजारी दुसरा रुग्ण असलेल्या खोलीत तासन्‌तास बसायचं होतं. तरीही बहुतेक जण जात राहिले.

2020च्या टाळेबंदीत देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांनी आपल्या 2,517 डायलिसिस रुग्णांची नोंद तपासली. 710 जणांचं किमान एक डायलिसिस बुडालं होतं. 104 जण पुन्हा फिरकलेच नाहीत. एवढ्या साऱ्यांना नुसत्या भीतीने अडवलं? मुंबईची लोकल 23 मार्चपासून बंद, एसटी बंद, रिक्षा मिळेना. एखादा कर्मचारी बाधित निघाला की डायलिसिस केंद्राला कुलूप. दुसरं केंद्र आधी करोना नसल्याचा अहवाल मागणार.

शरीर अहवालासाठी थांबत नाही. लघवी फारशी होत नसल्याने प्यायलेलं पाणी अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं, दम लागतो. तो दम करोनाचा समजून आणखी दारं बंद झाली. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. अशात प्रतिकारशक्तीसाठी म्हणून घरोघरी काढे उकळत होते, नारळपाणी आणलं जात होतं. ज्यांना पाणी मोजून प्यावं लागतं आणि पोटॅशियममुळे नारळपाणी वर्ज्य असतं, त्यांच्यासाठी ही मायाही घातक होती.

म्हणून ‘धीर धरा, उपचार सोडू नका’ एवढा उपदेश पुरेसा नाही. ठरल्या दिवशी रुग्ण आला नाही, तर केंद्रातून त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. आपलं केंद्र बंद पडलं तर रुग्णाने कुठे जायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं. आणि तुमच्या वाडीत, इमारतीत कुणी डायलिसिसवर असेल, तर आजच जाऊन विचारा: ‘गाड्या बंद पडल्या तर तुम्हाला नेणार कोण?’ उत्तर नसेल, तर ते उत्तर तुम्ही व्हा.